डावा कोपरा

अकरा महिन्यांचा करार. बारावा महिना आपला आपण.
छातीवर कंपनीचं नाव, पाठीवर सात,
आणि सातच्या वर आधीच्याच्या नावाची उसवलेली शिवण.
उजेडात धरलं तर ‘तांडेल’ वाचता येतं अजून.

सकाळी भांडुपच्या गोदामात खोके मोजतो,
दोनला गेटपास, तीनला सराव.
हजेरीच्या वहीत माझ्यापुढे ‘खेळाडू’ लिहिलेलं.
हमाल हसतात, काय खेळाडू, आज उचलणार का काही?
उचलतो की.
माणूस घोट्यापासून उचलायचा, तेवढंच तर येतं मला.

ब गट. हॅलोजनखाली माती पिवळी दिसते,
पाणी मारूनही नाकात जाते.
चढाईवाल्याचं नाव माईकवर तीन-तीनदा,
त्याला टेबलफॅन, त्याला हार, त्याच्यासोबत फोटो.
मी धरला की निवेदक नुसता ओरडतो: पकड!
जशी काही ती आपोआप झाली.
घरी आईही तेच म्हणते, पकड दे रे जरा,
दूध उतू चाललंय.

वर्तमानपत्रात एकदा आलो होतो.
‘डाव्या कोपऱ्याने त्यांना चांगली साथ दिली.’
बाबांनी ती ओळ कापून पाकिटात ठेवली,
रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी.
नाव नाही म्हटल्यावर म्हणाले,
आम्हाला माहितीय ना कोपऱ्यात कोण असतं.

गिरिधर मोंडकर सहा वर्षं माझ्या शेजारी.
माझ्या उजव्या हातात त्याचा डावा,
घामट, करंगळी मोडून वाकडी बसलेली.
आमचं ठरलेलं होतं:
एकदा दाबलं तर थांब,
दोनदा दाबलं तर सूर.
जानेवारीत त्याला बँकेने उचललं. अ गट, कायम नोकरी, मॅटवरचे बूट.
पेढे घेऊन आला तेव्हा
हात मिळवताना सवयीने दाबला त्याने,
एकदाच.

आता तिथे वेदांग आहे. एकोणीस वर्षांचा,
हात थंड, बोटं सरळ.
त्याला काही सांगायचं राहूनच गेलं.
काल शेवटचा दीड मिनिट, एका गुणाने मागे,
समोरचा कबड्डी कबड्डी करत आमच्याच बाजूला सरकला,
पाय पुढे टाकून हलवत राहिला, ये म्हणाल्यासारखा,
आणि पोराने घाबरून माझा हात दाबला.
तीनदा.

तीनदाचं काहीच ठरलेलं नव्हतं.
मी त्याचा हात सोडला
आणि खाली गेलो.