दोन हजार पॉइंटचे राक्षस

रात्री साडेनऊला उद्यमनगरातली शेवटची लेथ थांबली
की मी डिलिव्हरी चलन पाठीवर उलटं करतो
आणि वर लिहितो: दोन हजार.
खाली रेघ. रेघेखाली राक्षस.

रविवारी तौफिकशी गाठ आहे, त्याच्या माळ्यावर,
रंकाळ्याकडून वारा येतो त्या खिडकीपाशी.
त्याचे एल्फ सडपातळ, दीडशे पावलांवरून डोळा फोडणारे.
गेल्या खेपेला माझे दोन केसाळ हत्ती
निम्म्या टेबलापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.
"भावा, तुझं सैन्य न्हाई, जेवणावळ हाय,"
तो म्हणाला, फासे गोळा करत.

खरं आहे. राक्षसांचा हिशेब पोटापासून सुरू होतो.
माणसांची फौज घ्या,
दहा मेले तरी ओळ सरकते, भोक बुजतं.
राक्षस तेवढ्यात सहाच येतात.
एक पडला की खिंडार.
म्हणून बाजारात म्हैस बघावी तसा एकेक बघायचा,
दात, खूर, आणि मालक का विकतोय ते.

सरदार तीनशे दहा. त्यात घासाघीस नाही.
आचारी दोनशे पाच; तोच त्यांचा भटजी, तोच वैद्य,
हाडं कढईत टाकून मंत्र म्हणतो,
चुकला तर कढईच त्याच्यावर उलटते.
पोलादी पोटपट्ट्यांचे सहा, तीनशे शहाण्णव.
साध्या गदेचे सहा, तीनशे बारा,
त्यांतल्या एकाला डावा हात नाही.

पुरात खालचं कपाट तीन दिवस पाण्यात होतं.
गाळातून सगळे निघाले, हात तेवढा नाही.
नवा ओतला असता मी. पॅटर्न मीच करतो,
दिवसा पंपाच्या केसिंगचे, रात्री यांचे.
पण तौफिक म्हणाला,
"बैठक शाबूत हाय न्हवं? मग मोजायचा."
तेव्हापासून तो एका हाताने लढतो
आणि फासे, का कोण जाणे, त्याचंच ऐकतात.

हत्ती.
दोन हत्ती चारशे तीस. खोडले. परत लिहिले.
टेबलावर काहीतरी थोराड दिसलं पाहिजे,
नाहीतर राक्षस घ्यायचे कशाला?
हातात तोफ धरणारे तीन, एकशे ऐंशी.
बेरीज अठराशे तेहतीस.

उरले एकशे सदुसष्ट.
इथे माझी रात्र अडते.

एकशे साठला शिकारी येतो, एकटा,
खांद्यावर भाला, पायाशी कुत्रं.
त्याचं कातडं रंगवायला मला अख्खा श्रावण लागला.
नाहीतर चिल्लर. चार पॉइंटला एक.
राक्षसांची भांडी वाहणारी काटकुळी, कानफाटी पोरं.
पुढे उभी करायची. बाण त्यांनी खायचे.
मागून मोठे सुखरूप पोचायचे.
नियमपुस्तकात ओळ आहे:
चिल्लर मेली तर राक्षसांची हिंमत तपासू नये.
पहिल्यांदा वाचून मी पान उलटलं होतं.
या वेळी उलटता येईना.
भट्टीच्या तोंडाशी कोण उभं असतं,
आणि कुणाचं नाव हजेरीला नसतं,
हे मला पुस्तकाने शिकवायला नको.

तरी घेतली. शिकारी डब्यात गेला.
जिंकायचंय मला, खोटं कशाला बोलू.
चाळीस जण, एकशे साठ.
सात उरले, म्हणजे अजून एक बसतो.
एकेचाळीस.
उरलेल्या तीनात काहीच येत नाही.

पण डब्यात चाळीसच आहेत. दोनदा मोजले.
उद्या जेवणाच्या सुट्टीत
शेगडीवर चमचाभर कथील वितळवून
एकेचाळिसावा ओतीन.
त्याच्या डोक्यावर भांडं देणार नाही.
काय द्यायचं, ते ठरत नाही.
राक्षसाच्या त्या डाव्या हाताचा साचा
माझ्याकडे अजून आहे.
याच्या अंगाला फारच मोठा होईल.
बघू.