एकशे चाळीस किलो

उद्यमबागेत समुद्र नाही.
कूलंटचं पांढरं पाणी आहे, ताकासारखं,
आणि फाउंड्रीतली काळी वाळू,
जिला भरती-ओहोटी कुणी शिकवली नाही.

तरी हेरेकरबाईंनी शेजारची शेड भाड्यानं घेतली
आणि दोन वर्षं तिथं बोट बांधली.
अडतीस फुटांची, दोन अंगांची,
मधे आडव्या तुळया, वर शीड.
एकवीस वर्षं जहाजांवर इंजिनं सांभाळलेली बाई
आता इंजिनावरच डूख धरून होती.
"वाऱ्यावर पळणारी बोट आहे, मोनाप्पा.
इथं प्रत्येक किलोनं आपलं काम सांगायचं."
चमच्यांच्या दांड्यांनासुद्धा
तिनं माझ्याच ड्रिलवर भोकं पाडून घेतली होती.

अडलं एका ठिकाणी: इंजिन एक, की दोन?

एक घेतलं तर उजव्या अंगात बसणार,
ढकलणार उजवीकडून, नाक जाणार डावीकडं.
डावीकडं गुमान वळेल,
उजवीकडं म्हटलं की रुसेल,
आणि धक्क्याला लागताना, वारा आडवा असला,
तर चार माणसांत अब्रू घालवेल.
दोन घेतली तर एक पुढं, एक मागं फिरवायचं,
जागच्या जागी गिरकी, फुगडीसारखी.
पण दुसऱ्याचे एकशे चाळीस किलो,
शिवाय पाण्यात लोंबणारा आणखी एक पंखा,
इंजिन बंद असलं तरी पाणी धरून बसणारा.

चहाला बसलो की अख्खी शेड बोट चालवायची.
इराण्णा म्हणायचा, "ओंदे साकु. एक बास.
दोन ठेवलीस की एक बिघडतंय,
आणि दुसरं त्याच्याकडं बघून बिघडतंय."
"आणि एकच बंद पडलं तर?
भर दर्यात कुणाला हाक मारायची?"
हे पॅटर्नवाला जोतिबा,
ज्यानं गोकाकच्या धबधब्यापेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही.
"शीड आहे की रे," इराण्णा म्हणायचा,
आणि कप विसळायचा.

मला तिनं सगळ्यात शेवटी विचारलं.
मी म्हटलं, बाई, मला बोटीतलं काय कळतंय.
पण माझा डावा कान शहाण्णव साली
फेटलिंगच्या शेडमध्ये गेला.
एका कानानं सगळं ऐकू येतं.
लेथचं बेअरिंग कधी जाणार, तेपण.
फक्त कुठून येतंय ते कळत नाही.
खडेबाजारात मागून कुणी "मोनाप्पा" म्हटलं
की मी आधी एक पुरी फेरी घेतो,
नेहमी एकाच बाजूनं,
आणि तोवर हाक मारणारा पुढं गेलेला असतो.

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.
मला वाटलं, झालं. दोन.

सोमवारी ड्रॉइंग आलं. इंजिन एक,
उजव्या अंगात.
आणि डाव्या अंगात त्याच मापाचा पाया,
अ‍ॅल्युमिनियमचा, चार भोकं, आटे पाडलेले,
वर काहीच नाही.
"हे कशाला?"
"असू दे."
"एक किलो चारशे ग्रॅम होतंय, बाई."
"माहितेय. मोजलंय."

चमच्यांना भोकं पाडणारी बाई!

तो पाया मी जिवाला लावून केला.
दोन शतांशात सपाट.
आट्यांत ग्रीस भरलं, बोल्ट हातानं बसवले,
पाहुणा उद्याच उतरणार असल्यासारखे.

बावीस फूट रुंदी चोर्ला घाटात मावत नाही.
म्हणून अंगं सुटी गेली, दोन ट्रकांवर,
ताडपत्रीखाली, रात्री अकराला.
एकात इंजिन. एकात एक किलो चारशे.
पिरनवाडीच्या नाक्यापर्यंत मी सायकलनं मागं गेलो.
जांबोटीच्या रस्त्याला दिवे वळले, दिसेनासे झाले,
मग नुसता आवाज राहिला,
दोघांचा मिळून एकच.
पुढचा कुठला, मागचा कुठला,
मी मान वळवून वळवून ऐकत होतो.