स्टुडिओतला कोट

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझा स्टुडिओ.
दोन बाय दोन इंच, मागे पांढरा पडदा.
हसायचं नाही. कान दिसले पाहिजेत. चष्मा काढा.
अमेरिका मला एवढीच पाठ आहे.

खुंटीला एक काळा कोट,
बेचाळीस छातीचा.
येणारी पोरं चौतीस, फार तर छत्तीस.
मी पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावतो,
चार, कधी सहा,
आणि समोरून कोट असा बसतो
की सोबत आलेली आईही जराशी बिचकते.

या कोटानं मायामी पाहिलंय,
टेक्ससमधलं मोटेल,
न्यू जर्सीतला रात्रपाळीचा पेट्रोलपंप.
मी म्हापशापर्यंत जातो, शुक्रवारी, कागद आणायला.

गुणाजी माजिकचा टिप्पर
खाण बंद पडली तेव्हापासून फणसाखाली उभा होता.
तो भंगारात घालून पोरानं एजंटाचे पैसे भरले.
‘मेहनतीला तिथं भाव आहे, अंकल.’
विचारणार होतो :
तुझा बाप पहाटे तीनला उठून
सहा-सहा ट्रिपा मारायचा,
ते काय होतं?
पण फ्लॅश तयार झाला होता.
म्हटलं, हनुवटी खाली.

दामू च्यारी पाच वेळा आला.
सहा महिन्यांपेक्षा जुना फोटो चालत नाही.
पाचही ओळीनं मांडले
तर केस मागे हटत गेलेले दिसतात.
पाचव्यांदा मी पैसे नको म्हटलं.
चिडला. मोजून काउंटरवर ठेवून गेला,
सुटे दोन रुपयेसुद्धा.

आणि परवा मयेचा मिनिन.
बावीस वर्षं जहाजावर
टॉवेलांचे हत्ती, टॉवेलांचे हंस करून
बोटं वाकडी झालेला.
गावात दुमजली घर, वर बाल्कनी,
तिथं कबुतरं बसतात.
पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा होता.
‘तो कोट आसा मरे?’

घातला. अंगाला बरोबर.
मी सवयीनं चिमटे घेऊन मागे गेलो
तर चिमटीत धरायला कापडच उरलं नव्हतं.
‘लाय रे दोन,’ तो आरशाकडे बघत म्हणाला,
‘ते नासतना म्हाका उबें रावपाक येना.’

कॉलरच्या कडेला लावले दोन, उगीच.
म्हटलं, हसलास तरी चालेल,
हा फोटो इथलाच आहे.

त्यानं प्रयत्न केला.
तीनदा काढावा लागला.