नामंजूर

फोर्टातल्या कचेरीत जर्मनचं भाषांतर करते,
शब्दाला अडीच रुपये. बहुतेक बॉयलरची माहितीपत्रकं.
या खेपेला एका वैमानिकाची उड्डाणवही.
पाडलेल्या प्रत्येक विमानामागे शेपटीवर एक पांढरी रेघ,
दुधाच्या रतीबासारख्या मोजून त्रेसष्ट.

नोंदी तुटक. वेळ, उंची, ढग, किती गोळ्या.
तो विमान लिहितो, माणूस लिहीत नाही,
आणि मी पदरचं काही घालायचं नसतं.

सात नोव्हेंबर, एक्केचाळीस.
इंग्लिश खाडीवर धुकं. एक हरिकेन, समुद्रात.
साक्षीदार नाही.
खाली वेगळ्या शाईत: नामंजूर.
ती रेघ त्याला मिळाली नाही.

ग्रँट रोडच्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर
खोर्शेदबाई. वय ब्याण्णव.
थोरला भाऊ सोली इंग्रजांच्या विमानदलात गेलेला.
त्याच हिवाळ्यात तार आली: बेपत्ता.
पुढे कुणी काही कळवलं नाही.
भाडेपावती अजून त्याच्याच नावाने फाटते.

तो सोलीच, असं कुठेही लिहिलेलं नाही.
खाडीत त्या वर्षी पुष्कळ पडले.

संध्याकाळी जिन्यापाशी त्या विचारतात,
‘आजे शूं, पाछुं बॉयलर?’
हो, म्हणते मी. बॉयलरच.
बिलातून तेवढ्या ओळीचे शब्द वजा केलेत.