कानावरची खूण

फ्रीझरच्या चौथ्या खणात, उणे ऐंशीत,
अकरा वर्षं पडून होती ती कुपी.
झाकणावर सिर्काचं किरटं अक्षर:
माणूस, उजवा अंगठा, इनारी. ओळख पटली नाही.
सिर्का निवृत्त झाली. मग गेलीही.
कुपी राहिली.

या मार्चमध्ये अन्नुक्कानं उत्तरेकडून एक बोळा पाठवला,
रेनडिअरच्या पाडसाच्या सुजलेल्या डोळ्यातला.
औलूला बर्फ अजून गुडघाभर होतं.
दोन दिवसांनी ताटलीवर उगवले
टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी ठिपके,
कडा किंचित दातेरी,
आणि झाकण उचललं तसा वास,
ओल्या लोकरीचा, त्यामागे शिळ्या लोण्याचा.
वास घ्यायचा नसतो.
सगळेच घेतात.

हा वास मला माहीत होता.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सिर्कानं
एक ताटली माझ्या नाकापुढे धरली होती,
"हे कोण ते मला कळत नाहीये," म्हणाली होती,
तक्रार केल्यासारखं नाही,
नव्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

कुपी वितळू द्यायची नसते.
वरच्या बर्फावर नुसती तार ओढायची आणि वाट बघायची.
तिसऱ्या दिवशी अंगठा जागा झाला.
मग दोघांना शेजारी शेजारी ठेवून चौकशी:
रंग दिला, जांभळे झाले.
पेरॉक्साइड टाकलं, फसफसले.
ग्लुकोज दोघांनी खाल्लं,
मॅनिटॉलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
जनुकाची अक्षरं जुळवली तर
जगातला सगळ्यात जवळचा नातलगही
शेकडा सत्त्याण्णवाच्या खालीच.
इतक्या अंतरावर पंगतीला बोलावत नाहीत कुणी.
एकमेकांत मात्र
दीड हजार अक्षरांत एकाचा फरक.

योनास म्हणाला, "भांडी नीट धुतली होतीस?"
पुन्हा पहिल्यापासून.
एप्रिल गेला.

जुलैत निल्लासकडे गेले, सही हवी होती.
रात्रीचा एक वाजलेला, सूर्य जागचा हलेना,
डास तोंडात जात होते.
कुंपणात पाडसं गोल फिरत होती आणि त्यांच्यामधून तो
फास टाकून एकेकाला खाली घेत होता.
डाव्या कानाचं टोक छाटलेलं, मागे दोन खाचा: त्याची.
आजोबांची एक खाच जास्त होती,
बहिणीची उजव्या कानाला, काट्यासारखी.
कापलेले तुकडे दोऱ्यात ओवत होता, मोजदादीसाठी.
अंगठ्यावरचा जुना पांढरा व्रण दाखवला.
"हा? हा तर दरवर्षी कापतो."

मी सगळं सांगितलं. नवी प्रजाती.
दोन देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावी लागते,
एकीकडे आग लागली तर दुसरीकडे असावी म्हणून.
लॅटिन नाव लागतं.
त्यानं सुरी पँटला पुसली.
"माझं नाव नको. पू आहे तो."
मग बराच वेळ थांबून,
"खूण नसलेलं जनावर सापडलं
तर आमच्यात आधी विचारतात, कुणाच्या मागे चालत होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
पाडस माणसाच्या मागे, की माणूस पाडसाच्या?

नाव ठेवलं पॉलिसिस, अंगठ्याचा.
अन्नुक्काचा फोन: "आणि डोळ्याचं काय?"
आठवडाभर बोलली नाही.
सिर्काचं लेबल उकरून काढलं, अर्धं फाटलं,
"ओळख पट" एवढंच हातात आलं.
वहीत चिकटवलंय.

एक गोष्ट अहवालात लिहिली नाही.
त्या रात्री निल्लासनं सुरी माझ्या हातात दिली होती,
मी एक कान कापला, वेडावाकडा,
आणि त्याबरोबर माझा अंगठाही, थोडासा.
त्यानं वर डांबर लावलं आणि हसला.
औलूला परतल्यावर, कुणी नसताना,
ताज्या ताटलीवर तोच अंगठा घासला.
दोन दिवस. तीन. पाच.
नेहमीचे यशस्वी उगवले, कातडीवरचे, सगळे ओळखीचे.
तो नाही.
थोडं वाईट वाटलं.