काळा रंग नसलेली पेटी

काय हा वसंत, म्हणता, मुस्यू!
बसा आधी. पाव कापते.
हे चित्र मी तेवीस वर्षं पाहतेय
चुलीपाशी उभी राहून, बहुतेकदा पाठमोरी.

एप्रिल होता. ओआझच्या काठी आमची नासपतीची साठ झाडं,
सासऱ्यांनी कलमं बांधलेली,
आणि माळ्यावर भाड्याने राहिलेला हा देल्मास.
दूध उधार, अंडी उधार,
दाढीला सदा कुठलातरी हिरवा लागलेला.
झाडं फुलली तसा तो जेवायलाही खाली येईना.

मग ती रात्र. आभाळ नको तितकं स्वच्छ.
ओजेनने कुत्र्याच्या वाडग्यात बोट बुडवलं,
बुडेना.
ओलं काड पेटवलं आम्ही ओळीओळीतून,
धुराचं पांघरूण होईल म्हणून.
पोरंसुद्धा उठवली. पहाटेपर्यंत खोकलो.

उजाडलं तेव्हा बाग अशी पांढरी
की मलाच वाटलं, वाचलो.
एक फूल तोडलं, नखाने उभं चिरलं.
मधोमध काळा ठिपका, मोहरीएवढाही नाही.
दुसरं चिरलं. तिसरं.
पाकळ्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं.

तो आला धावत, सदऱ्याची बटणं उघडी,
तिकाटणं रोवलं, म्हणाला,
हलू नका बाई, तशाच वाकून राहा.
मी ते फूल त्याच्या नाकाखाली धरलं.
हे काढ, म्हटलं.
त्याने पेटी उघडून दाखवली, ओशाळून:
काळा मी ठेवतच नाही.
सावलीतसुद्धा तो जांभळा असतो, नीट पाहा.

मी नीट पाहिलं.
काळाच होता.

तुम्ही ज्याला धुकं म्हणालात, तो आमच्या काडाचा धूर.
ही निळी रेघ, दोन बोटांची, ती मी.
आणि झाडाचा बुंधा म्हणालात तो ओजेन आहे.
बसलाय. दुपारपर्यंत उठला नाही.

सप्टेंबरात टोपल्या उपड्याच राहिल्या,
एकीखाली कोंबडी अंडी घालायला लागली.
देल्मास मे महिन्यातच गेलेला,
भाड्याच्या बदल्यात हे ठेवून.
खुराड्याला दार म्हणून बरं, मी म्हणाले होते.
ओजेनने काही न बोलता खिळा ठोकला,
आणि मरेपर्यंत
याच्याकडे तोंड करून सूप प्यायला.

किंमत?
चाळीस टोपल्या नासपती. भाव यंदाचा, तेव्हाचा नव्हे.
हसू नका, मी हिशेबाची पक्की आहे.

आता जरा जवळ या. अजून.
तिसऱ्या झाडावर, पांढऱ्याच्या दाट थराखाली
एक कण दिसतोय?
मलाही अकराव्या वर्षी दिसला, धूळ झटकताना.
पेटीतला नाही तो.
आमच्या विझल्या जाळातली काजळी,
बोटानेच टेकवलेली.

पॅरिसला नेऊन साफ करून घेणार म्हणता?
घ्या.
तेवढं सोडून.