ऊबदार पान

रात्रीचे दोन, विडी घरकुल.
मी कर्नेलचा कोड वाचत बसलेय.
आत्ताच कुणीतरी सोडलेलं पान
पुढच्या मागणाऱ्याला आधी द्यायचं,
असं इथे लिहिलंय,
कारण ते अजून ऊबदार असतं,
प्रोसेसरच्या हाताशी, कॅशमध्ये.
लांबच्या मेमरीतलं गार पान आणायचं
तर शेकडो ठोके वाया.

शेकडो ठोके.
बाबांनी लगेच हिशेब केला असता,
तेवढ्यात मागावर किती वीत उतरते.

अक्कलकोट रोडचा कारखाना,
सोळा माग
आणि मागच्या खोलीत एकच बाज.
सकाळी सातला राजमल्लूअन्ना
बाजेवरून उठून मागावर,
बाबा मागावरून उठून बाजेवर.
पांघरायला नापास झालेली चादर,
मोराची मान तुटलेली.
"त्यानं तापवून ठेवली की
डोळा पटकन लागतो," म्हणायचे.

कोडची पुढची ओळ मात्र कडक:
देण्याआधी पान पुसा.
चार हजार शहाण्णव बाइट, नुसती शून्यं.
एकाचं दुसऱ्याला दिसता कामा नये.

उशीवर अन्नाच्या केसांतली
सुताची पिंजर असायची,
खोबरेल, तंबाखू.
एका सकाळी उशी ओली लागली.
बाबांनी विचारलं नाही.
फक्त त्या दिवशी झोपायच्या आधी
आपला डबा मागाशेजारी ठेवून आले,
शेंगाचटणी जरा जास्त घालून.

मी पुसायची ओळ पुन्हा तपासते.
बरोबर आहे.
तिला हात लावत नाही.